येमिमाचं पांघरूण

कोलोलो टेकडीवर पाहण्यासारख्या आणि करण्यासारख्या दहा गोष्टी आहेत, असं आमच्या रहिवासी मंडळाचं माहितीपत्रक सांगतं. ते माहितीपत्रक मी टाइप केलं आहे. मी प्रॉस्कोव्हिया, मंडळाच्या कचेरीतली कारकून. सगळे प्रॉसी म्हणतात. पुढे मी तोंड सोडून बरंच काही बोलणार आहे, तेव्हा त्यातला माझा वाटा आधीच कबूल केलेला बरा.

यादीत पहिला क्रमांक माथ्यावरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचा. तो कुणालाही कुठूनही दिसतो, पण पत्रक म्हणतं की मंडळाच्या बागेतल्या कॅफेतून तो जास्त चांगला दिसतो. चौथ्या क्रमांकावर ते टकले, गळ्यात पिशवी लोंबणारे मराबू करकोचे आहेत. खाली बाजारात लोक त्यांना दगड मारतात, वर टेकडीवर त्यांना ‘पक्षीवैभव’ म्हणतात. आणि सातव्या क्रमांकावर आहे: ‘पुरातन मुतुबा वृक्ष. याच्या सालीपासून आपले पूर्वज वस्त्र बनवीत.’

पूर्वज म्हणे! मी ते वाक्य टाइप करत होते तेव्हा पूर्वज खिडकीबाहेर, फाटकाशी, खांद्यावर शिडी घेऊन उभे होते. आणि पहारेकरी त्यांना आत सोडत नव्हता.

त्यांचं नाव येकोयाडा किनाल्वा. वय एकोणऐंशी, देवक पाणमांजर. आमच्या बुगांडा राज्यात देवक सांगितलं की अर्धा माणूस सांगून होतो. कुणाशी सोयरीक जमत नाही, काय खायचं नाही, बापजादे राजाकडे कुठलं काम करत, सगळं त्यात आलं. पाणमांजरवाले साल कुटणारे. मुतुबाची साल अखंड सोलायची, ओली असतानाच लाकडी मोगरीनं कुटत कुटत हातभर रुंदीची पाच हात करायची, मग उन्हात पसरायची. चार दिवसांत ती विटेसारखी लाल होते. राजाच्या राज्यारोहणाला हाच कपडा लागतो आणि गरिबाच्या मयतालाही हाच लागतो.

येकोयाडा जाजांचा जन्म टेकडीवरचाच. जाजा म्हणजे आजोबा. आजीलाही आम्ही जाजाच म्हणतो. आज जिथे मंडळाचा बंगला, बाग आणि कॅफे आहे, तिथे त्यांच्या वडिलांचं घर आणि केळीची बाग होती. थोरली बहीण येमिमा जन्मली त्या आठवड्यात वडिलांनी कुंपणात मुतुबाची एक फांदी रोवली. मग इंग्रज साहेबानं टेकडीवर दोऱ्या टाकून आखणी केली, घर पाडलं आणि तिथे मेघजी सेठचा बंगला उभा राहिला. वडील त्याच जागेवर माळी म्हणून राहिले. स्वतःच्या अंगणात नोकर! पण सेठनं झाड तोडलं नाही आणि दर दोन वर्षांनी साल काढायलाही कधी अडवलं नाही.

सेठला देश सोडावा लागला, तेव्हा बंगल्यात एक कॅप्टन आला. त्याच्या नावाची भीती घालून खाली लोक लहान मुलांना झोपवायचे, इतका वाईट माणूस. येकोयाडा तेव्हा ऐन तिशीतले, वडिलांच्या जागी माळी झालेले. ते सांगतात, साल काढायच्या दिवशी कॅप्टननं कमरेची बंदूक सोडून पायरीवर ठेवली आणि स्वतः येऊन शिडी धरली. म्हणाला, माझ्या आजोबालाही असंच पाहिलंय. त्याच्यानंतर परदेशी वकिलातींचे लोक आले आणि गेले. त्यांनी फोटो काढले, पण आडकाठी कुणीच केली नाही. लुटारू, सैनिक, परके, सगळ्यांनी त्या माणसाला त्याच्या झाडापाशी जाऊ दिलं. अडवलं ते आम्ही, वारसा जपणाऱ्यांनी.

आता मंडळाचे अध्यक्ष कोण ते सांगते. निवृत्त वकील मुलोंडो. आमच्याकडे वकिलाला ‘काउन्सेल’ म्हणतात, म्हणून ते काउन्सेल मुलोंडो. अस्सल मुगांडा, म्हणजे बुगांडाचेच, शुद्ध लुगांडा भाषा बोलणारे, पण लहानपणीच बाहेर शिकायला गेले ते केस पांढरे झाल्यावर परतले. आले आणि त्यांना संस्कृतीचं वेड लागलं. बंगला मंडळाकडे आल्यावर झाडाभोवती लोखंडी कुंपण घातलं ते त्यांनीच. पितळी पाटी लावली तीही त्यांनीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसं.

त्या दिवशी फाटकाशी पहारेकऱ्याची आणि जाजांची चांगलीच जुंपली होती.

“म्हातारबा, हुकूम आहे. क्रमांक सातला हात लावायचा नाही.”

“क्रमांक सात कोण?”

“ते झाड.”

“अरे, त्याला नंबर दिलात? तुरुंगात टाकलंय काय?”

मी बाहेर जाऊन त्यांना आत आणलं. काउन्सेल आपल्या खोलीत होते. जाजांनी शिडी भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि खुर्चीच्या काठावर बसले.

“काउन्सेल, सकाळचे दोन तास द्या. साल काढतो, खोड बांधतो, जातो.”

“बाबा, ते झाड आता वारसा आहे.”

“कुणाचा?”

“सगळ्यांचा.”

“मग त्या सगळ्यांत मी बसतो की नाही?”

काउन्सेल हसले. “बसता की! म्हणून तर तुमच्यासाठीच जपतोय. झाडाची कातडी सोलायची म्हणता, पाहुणे काय म्हणतील?”

“झाड काही म्हणत नाही, तिथे पाहुण्यांचं काय घेऊन बसलात! अहो, गाय दोहली नाही तर कास दुखते. तसंच आहे ते. वेळेवर सोललं नाही तर साल निबर होते, मग कुटली तरी फाटते. यंदाचंच तिसरं वर्ष लागलंय.”

“पण इतकी घाई कसली? कुणाला हवाय कपडा?”

जाजांनी टोपी हातात फिरवली. खाली बघत म्हणाले, “ताईला हल्ली फार थंडी वाजते. पांघरूण करायचंय.”

माझी बोटं टाइपरायटरवर थांबली. (हो, काउन्सेलना टाइपरायटर आवडतो, पाहुण्यांना जुनं वाटतं.) आमच्यात जिवंत माणसाचं शेवटचं वस्त्र कधी बोलून दाखवत नाहीत. बोललं की माणसाला दाराबाहेर काढल्यासारखं होतं. म्हणून ‘थंडी वाजते’ म्हणायचं, ‘पांघरूण’ म्हणायचं. शेंबड्या पोरालाही कळतं. येमिमा जाजा चौऱ्याऐंशी वर्षांच्या, महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या. बाई गेली की आमच्यात तिला नवऱ्याच्या गावी पुरत नाहीत, माहेरच्या कुळाच्या जागेत आणतात. कुळाची जागा गावी होती, पण येमिमाचं माहेर म्हणजे टेकडीवरचं घर. ते कधीच गेलं होतं. राहिलं होतं एक झाड. त्या झाडाच्या सालीत गुंडाळून जायचं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते भावानं पुरं करायचं होतं.

काउन्सेल मात्र टाळी वाजवून म्हणाले, “थंडी? मग सालपट कशाला, बाबा! माझ्याकडे लंडनहून आणलेलं लोकरीचं ब्लँकेट आहे, नवंकोरं. प्रॉसी, उद्या पोचवून ये.”

मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. इतका शिकला, इतकं संस्कृती संस्कृती केलं आणि आपल्याच भाषेतलं एवढं साधं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं! जाजांनी माझ्याकडे पाहिलं, मी जाजांकडे. त्यांना बोलता येत नव्हतं. मी घरची नव्हते, मला हळूच सांगता आलं असतं, पण नोकरी होती.

मग काउन्सेलना एकदम सुचलं. यादीत दहाव्या क्रमांकाची जागा रिकामी होती. ‘पाहण्यासारखं’ पुष्कळ होतं, ‘करण्यासारखं’ कमी पडत होतं. “ठरलं! येत्या शनिवारी कोलोलो दिवस आहे. त्या दिवशी साल काढा, बागेतच कुटा, कपडा घेऊन जा. पाहुणे बघतील. क्रमांक दहा: ‘स्वतः साल कुटून पाहा!’”

“पाहुणे कुटणार?” जाजांनी विचारलं.

“हौसेपुरते. दोन-दोन ठोके.”

जाजा म्हणाले, “त्यांच्यासाठी मी वेगळी साल आणतो. खालच्या झाडाची.”

“आणा, आणा,” काउन्सेल म्हणाले. मी कागद टाइप केला, जाजांनी सही केली. त्यात वेगळ्या सालीचा उल्लेख करायला हवा होता. मी केला नाही, कारण मला कुणी सांगितलं नाही. कारकुनाची ही सबब फार जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी ब्लँकेट घेऊन मी टेकडी उतरून कामवोच्यात गेले. आमची टेकडी संपते तिथे गटार लागतं आणि गटारापलीकडे कामवोच्याची वस्ती सुरू होते. जाजांचं कुटायचं छप्पर तिथे आहे. मागच्या खोलीत येमिमा जाजा. मी उंबऱ्यात गुडघे टेकून नमस्कार केला.

“कुणाची ग तू? देवक काय तुझं?”

“नाकतोडा, जाजा.”

“अरेरे! म्हणजे तुला नाकतोडे खाता येत नाहीत. नोव्हेंबरात सगळं गाव तळून खातं तेव्हा काय करतेस?”

“वास घेते, जाजा.”

ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मग तिनं ब्लँकेटवरून हात फिरवला. “मऊ आहे हो. कुणी पाठवलं?”

“काउन्सेल मुलोंडोंनी. तुम्हाला थंडी वाजते असं कळलं म्हणून.”

सगळं तिला कळलं. “त्याची आई मला ठाऊक होती,” ती म्हणाली. “आज असती तर त्याच्या कानाखाली वाजवली असती. त्याला सांग, मऊ आहे, पण माझी थंडी यानं जाणारी नव्हे. कोपऱ्यातली कोंबडी अंड्यांवर बसलीय, तिला घाल जा.”

मी लंडनचं ब्लँकेट कोंबडीच्या टोपलीभोवती गुंडाळलं. खरं सांगते, त्या आठवड्यातलं एवढं एकच काम मी मनापासून केलं.

“आणि झाड कसं आहे?” तिनं विचारलं.

“चांगलं आहे. पाटी लावलीय.”

“पाटीवर माझं नाव असेल.”

“नाही, जाजा.”

“मग कुणाचं?”

“मंडळाचं.”

“मंडळ जन्मलं तेव्हा लावलं होतं वाटतं,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शनिवारी येकोयाडा जाजा सकाळी सहालाच आले. ऊन चढलं की चीक सुकतो, साल सुटत नाही. मीही लवकर गेले होते. एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस शिडीवर चढला आणि मला वाटलं, आता पडतो की मग पडतो. पण झाडाला हात लागला आणि त्यांचे पाय थरथरायचे थांबले. वरचं खरबरीत कवच खरवडलं, वर एक गोल चीर, खाली एक गोल चीर, मध्ये उभी एक, आणि मग केळीच्या दांड्याची पाचर आत सारत सारत अख्खी साल सोडवली. कुठे एक चरा नाही. उघडं पडलेलं खोड त्यांनी लगेच केळीच्या हिरव्या पानांनी गुंडाळलं, सोपटानं बांधलं आणि तळव्यानं दोनदा थोपटलं. “झालं हो, येमिमा,” ते झाडाला म्हणाले.

मग हिरवळीवर ओंडका ठेवून त्यांनी कुटायला सुरुवात केली. मोगऱ्या तीन असतात: जाड खाचांची पहिली, मधल्या खाचांची दुसरी, बारीक खाचांची तिसरी. साल पातळ होईल तशी मोगरी बदलायची. जाड मोगरी शेवटी वापरली की संपलंच. साडेदहापर्यंत साल तिपटीनं रुंद झाली होती, उजेडात धरली तर पलीकडचा हात दिसेल इतकी पातळ. जाजांनी बारीक मोगरी हातात घेतली होती. शेजारी पाहुण्यांसाठी आणलेली खालच्या झाडाची साल भिजत ठेवली होती.

अकराला पाहुणे आले. पांढऱ्या मंडपाखाली कॉफी, केळ्याचे काप, कुणीतरी सतार वाजवतंय तशी मंद गाणी भोंग्यावर. माझ्या हातात साल कुटायच्या कुपनांचं बंडल. काउन्सेल कॅमेरावाल्याला घेऊन थेट ओंडक्यापाशी आले आणि त्यांनी जाड मोगरी उचलली.

“साहेब, ती साल इकडे आहे,” जाजा म्हणाले. “पाहुण्यांची.”

काउन्सेलनी त्या ओबडधोबड सालीकडे पाहिलं. “अहो, पाहुण्यांना नकली देऊ नये, बाबा. कॅमेरा आलाय. खऱ्यावरच होऊ द्या.”

“ही नको. ही कुणाची तरी आहे.”

“कुणाची?”

सगळे पाहुणे बघत होते. जाजांची बहीण खाली जिवंत होती, श्वास घेत होती. शंभर माणसांसमोर तिला मेलेली कशी म्हणणार?

“एकीची,” ते म्हणाले.

“मग त्या एकीला अभिमानच वाटेल!” काउन्सेल म्हणाले. लोक हसले, कॅमेरा लुकलुकला.

जाजांनी माझ्याकडे पाहिलं. चार पावलं पुढे जाऊन मी काउन्सेलच्या कानात दोन शब्द सांगितले असते, तर सगळं थांबलं असतं. माणूस दुष्ट नव्हता. कळलं असतं तर तिथल्या तिथे मोगरी टाकून दिली असती. पण मी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि पहिलं कुपन फाडलं. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

पहिला घाव काउन्सेलचा. जाड मोगरी, पातळ साल, टर्र झालं. “अरे वा, नाजूक आहे!” म्हणाले. त्यांच्यानंतर कुपनवाले. एका बँकेच्या बाई, दोन्ही हातांनी हाणणाऱ्या. कुणा राजदूत बाईंचा नवरा. त्यानं एकाच जागी तीन वेळा मारलं आणि तिन्ही वेळा फोटो काढला. एक गृहस्थ फोनवर बोलत बोलत कुटत होते. काउन्सेल धरून नऊ माणसं आणि अकरा भोकं. मी मोजली. जाजा शेजारी उभे होते, हात पाठीमागे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला, आणि बुक्क्या मारणाऱ्यांना वाटत होतं आपण संस्कृती जपतोय.

शेवटी काउन्सेलनी कपडा हातात घेऊन पाहिला. “भोकांमुळे कसा अस्सल वाटतो, नाही?”

जाजांनी कपडा त्यांच्या हातातून घेतला. ओला कपडा घडी करून त्यांनी छातीशी धरला, मोगऱ्या पिशवीत घातल्या आणि शिडी तिथेच विसरून फाटकाबाहेर गेले.

शिडी पोचवायला मी संध्याकाळी खाली गेले. ते छपराखाली बसून ताडाच्या धाग्यानं भोकं शिवत होते. भोकामागे त्याच सालीचा तुकडा ठेवायचा आणि कडेनं इतकं बारीक शिवायचं की बोट फिरवलं तरी कळू नये, ही त्यांच्या घराण्याची कला.

“दुसरी साल काढता येणार नाही?” मी विचारलं, उत्तर माहीत असून.

“झाड माणसासारखं नसतं, प्रॉसी. त्याला भरून यायला वेळ लागतो.”

आतून येमिमा जाजांनी हाक मारली. कपडा बघायचा म्हणाल्या. त्यांनी तो मांडीवर घेतला, एकेका शिवणीवरून बोट फिरवलं. “पाच शिवली. सहा राहिली. मला पोरंसुद्धा इतकी झाली नाहीत.” मग भावाला म्हणाल्या, “इतकं बारीक नको शिवूस. जाड धागा घे. दिसू दे.”

“ताई, चांगलं दिसत नाही ते.”

“चांगलं कुणी केलंय? झाकतोस कशाला?”

त्यांनी जाड धागा ओवला. आधीची पाच उसवली आणि सगळी अकरा नव्यानं, उघड टाक्यांनी शिवली.

सोमवारी कचेरीत आणखी एक प्रताप. काउन्सेल म्हणाले, झाडावरची ती पानं काढायला सांग, जखमी दिसतंय, पाहुणे विचारतात. पानं काढली असती तर उघडं खोड वाळलं असतं आणि चौऱ्याऐंशी वर्षांचं झाड महिन्यात गेलं असतं. मी ‘हो’ म्हटलं, कारण ‘नाही’ म्हणायची सवयच नव्हती. मग जागेवर बसून एक पाटी टाइप केली: ‘काम चालू आहे. मंडळाच्या आदेशावरून हात लावू नये.’ खाली मंडळाचा शिक्का मारला आणि कुंपणाला लावली. संध्याकाळी काउन्सेल स्वतः तिथे थांबले, पाटी वाचली, मान डोलावली आणि निघून गेले. आमच्या टेकडीवर माणसाचं कुणी ऐकत नाही, पाटीचं सगळे ऐकतात. हे मला दोन दिवस आधी सुचायला हवं होतं.

नवव्या दिवशी येमिमा जाजा गेल्या. कपडा तोवर लाल झाला होता.

काउन्सेलना कळलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. “ब्लँकेट उशिरा पोचलं का?” असं मला विचारलं. मी म्हटलं, नाही, वेळेवर पोचलं. त्यांनी मोठं फुलांचं चक्र मागवलं आणि मला मंडळातर्फे जायला सांगितलं, छातीवर मंडळाचा बिल्ला लावून. “आपण कुटुंबाच्या पाठीशी आहोत हे दिसलं पाहिजे,” ते म्हणाले.

बुताम्बालात त्यांच्या कुळाची जागा आहे. केळींच्या मागे वडिलांची माती, तिच्याशेजारी नवा खड्डा. दुपारी दोनची वेळ, अंगणात दोनेकशे माणसं, बायका चटयांवर, पुरुष बाकांवर. आमच्यात नातेवाईक, शेजारी, सगळे सालीचा कपडा आणतात. एकेक कपडा कुळातला एक पुकारणारा हातात उंच धरतो आणि मोठ्यानं सांगतो कुणाकडून आला. देणाऱ्यानं उभं राहायचं. सगळ्यांनी एका सुरात त्याचे आभार मानायचे: “वेबाले न्यो!” मग पुढचा. त्या दिवशी तेवीस कपडे पुकारले. भाच्यांकडून, सुनेच्या माहेराकडून, कामवोच्याच्या बाजारातल्या बायकांकडून. प्रत्येकाला आभार मिळाले.

शेवटचा भावाचा, कारण तो सगळ्यांत आत, अंगाला लागून जाणार. तो येकोयाडा जाजांनी पुकारणाऱ्याच्या हाती दिला नाही. स्वतः उभे राहिले.

“हा कपडा येमिमाचा,” ते म्हणाले. “ती जन्मली तेव्हा आमच्या बापानं लावलेल्या झाडाचा. तिच्या माहेरचा. साल मी काढली. तिच्या भावाकडून.”

“वेबाले न्यो!” अख्खं अंगण म्हणालं. काही बायका रडायला लागल्या.

जाजा खाली बसले नाहीत. त्यांनी घडी उलगडली, कपडा दोन्ही हातांनी उन्हात धरला. लाल कपड्यावर जाड धाग्याचे टाके लांबूनही मोजता येत होते. आता ती मेली होती. आता सगळं बोलता येत होतं.

“आणि यातली अकरा भोकं,” जाजा म्हणाले, आवाज चढवला नाही, “कोलोलो रहिवासी मंडळाकडून.”

पुकारणारा गोंधळला. त्यानं म्हाताऱ्यांच्या बाकाकडे पाहिलं. तिथून कुणीतरी मान हलवली: दिलेलं दिलेलं असतं, पुकारायलाच हवं. तेव्हा त्यानं घसा साफ केला आणि मागच्या केळींपर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं, “अकरा भोकं! कोलोलो रहिवासी मंडळाकडून! देणाऱ्यांनी उभं राहावं!”

दोनशे माणसं माझ्या छातीवरचा बिल्ला बघत होती. मी फुलांचं चक्र खाली ठेवलं आणि उभी राहिले.

कुणी हसलं नाही. कुणी शिवी दिली नाही. रिवाज होता तसाच, एका सुरात, एकही आवाज कमी न होता, सगळ्यांनी माझे आभार मानले.